शोधापासून जामखेडपर्यंत

1902 सालचं वैद्यकशास्त्राचं नोबेल पारितोषिक रोनाल्ड रॉस या ब्रिटिश डॉक्टरला मिळालं. हिवताप डासांमुळे पसरतो हे त्यानं सिद्ध केलं, आणि तेही आपल्या भारतात राहून. 20 ऑगस्ट 1897 रोजी सिकंदराबादेत सूक्ष्मदर्शकाखाली डासाचं पोट तपासताना त्याला हिवतापाचा परजीवी दिसला. हे डास ज्याच्या रक्तावर पोसले होते त्या रुग्णाचं नाव हुसेन खान. एका डासाला एक आणा या दरानं तो स्वतःला चावून घेत होता. पुढं कलकत्त्यात महंमद बक्ष नावाचा मदतनीस रॉससाठी डास गोळा करायचा, त्यांची पैदास सांभाळायचा. पारितोषिकावर या दोघांची नावं नाहीत. तरी ती आपल्यापर्यंत पोहोचली, कारण रॉसनं ती लिहून ठेवली.

सत्तावीस वर्षांनी, 1929 मध्ये, केंब्रिजच्या फ्रेडरिक गौलंड हॉपकिन्स यांना नोबेल मिळालं. ते त्यांनी ख्रिस्तियान आइकमन या डच शास्त्रज्ञाबरोबर वाटून घेतलं. हॉपकिन्स यांचा प्रयोग शाळकरी मुलालाही समजेल असा होता. उंदरांच्या पिल्लांना त्यांनी शुद्ध केलेली प्रथिनं, पिष्ट, चरबी आणि क्षार पोटभर दिले, तरी पिल्लांची वाढ खुंटली. त्याच खाण्याबरोबर रोज थोडंसं दूध दिलं तेव्हा ती भराभर वाढू लागली. अन्नात पोट भरण्यापलीकडचं काहीतरी असतं, ते अगदी थोडं लागतं आणि ते नसेल तर शरीर उभं राहत नाही, हे 1912 साली त्यांनी जगापुढं मांडलं. त्यालाच आज आपण जीवनसत्त्वं म्हणतो. नंतर 1945 मध्ये पेनिसिलीनसाठी फ्लेमिंग, फ्लोरी आणि चेन यांना नोबेल मिळालं. तिघांचे मूळ देश वेगवेगळे, पण शोध इंग्लंडच्या प्रयोगशाळांतला. देवीच्या लसीचा जनक एडवर्ड जेन्नर तर या पारितोषिकांच्या शंभर वर्षं आधीचा.

अशा विद्वानांच्या कथा आपण नेहमी वाचतो. त्या वाचताना वाटतं, की शोध लागला, पदक गळ्यात पडलं आणि गोष्ट पूर्ण झाली. खरं तर ती तिथं अर्ध्यावर आलेली असते. ज्याच्यासाठी शोध लावला त्या माणसाच्या दारात तो पोहोचला का, हा उरलेला अर्धा भाग. तो समजून घ्यायला केंब्रिजला जायची गरज नाही, नगर जिल्ह्यातल्या जामखेडला जावं लागेल.

जामखेड तालुका जिल्ह्याच्या आग्नेय टोकाला आहे. एकीकडे बीड, दुसरीकडे धाराशिव, खाली सोलापूर. पर्जन्यछायेतला मुलूख, पाऊस लागला तर ज्वारी-बाजरी, नाहीतर कारखान्यावर ऊसतोडीला जायचं. इतिहासात या तालुक्याचं नाव मोठं. मराठ्यांनी निजामाला हरवलं ती 1795 ची लढाई इथल्या खर्ड्याला झाली. आता संपूर्ण जिल्हा ज्यांच्या नावानं ओळखला जातो त्या अहिल्यादेवींचा जन्म याच तालुक्यातल्या चौंडीचा. पण 1971 साली या भागात जन्मलेल्या हजार बाळांपैकी 176 बाळं पहिला वाढदिवस पाहत नव्हती. त्याच वर्षी देशाचा आकडा 129 होता. म्हणजे देशाची अवस्था वाईट, आणि जामखेडची त्याहून वाईट.

ही बाळं कशानं मरत होती? धनुर्वातानं, हगवणीनं, गोवरानं, न्यूमोनियानं. जी वाचायची त्यांच्यातली काही 'अ' जीवनसत्त्वाअभावी रातांधळी व्हायची, काहींची दृष्टी कायमची जायची. यातल्या एकाही दुखण्यासाठी नवा शोध लागायचा बाकी नव्हता. धनुर्वाताची लस होती, पेनिसिलीन होतं. हॉपकिन्स यांच्या प्रयोगाला जवळजवळ साठ वर्षं झाली होती. ज्ञान ग्रंथालयांत होतं, औषधं शहरांतल्या दुकानांत होती, आणि पोरं जामखेडच्या वाड्यावस्त्यांवर मरत होती.

1970 साली इथं एक डॉक्टर जोडपं आलं. डॉ. रजनीकांत आरोळे राहुरीचे. त्यांचा जन्म 1934 चा, आई-वडील दोघंही शिक्षक. डॉ. मेबल त्यांच्याहून वर्षानं लहान. जन्म जबलपूरचा, वडील तिथल्या ख्रिस्ती धर्मविद्यालयात ग्रीक शिकवायचे. दोघांची गाठ वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात पडली. 1959 ला दोघं डॉक्टर झाले; वर्गात मेबल पहिल्या आल्या, रजनीकांत दुसरे. पुढच्या वर्षी लग्न झालं आणि लग्नातच दोघांनी ठरवलं, की आयुष्य खेड्यातल्या गरिबांसाठी द्यायचं. तरुणपणी असं बरेच जण ठरवतात. या दोघांचा वेगळेपणा असा, की नेमकं काय करावं लागेल हे त्यांनी पुढची दहा वर्षं शिकून घेतलं.

ती शिकवण पहिल्यांदा नेवासे तालुक्यातल्या वडाळा बहिरोबाच्या मिशन हॉस्पिटलात मिळाली. 1962 पासून तिथं काम करताना त्यांना दिसलं, की रुग्ण येतो, बरा होतो, घरी जातो आणि तेच दुखणं घेऊन पुन्हा येतो. हिशेब मांडला तर दहातले सात आजार मुळात होऊ द्यायचीच गरज नव्हती. हॉस्पिटल कितीही चांगलं चालवलं तरी ते आजारी पडलेल्यांनाच पाहणार. जो येऊच शकत नाही, ज्याच्याकडे एसटीच्या भाड्याचे पैसे नाहीत, जिला घरातून निघू देत नाहीत, त्यांचं काय? या प्रश्नाचं उत्तर शस्त्रक्रियेच्या टेबलावर मिळणार नव्हतं. 1966 मध्ये फुलब्राइट शिष्यवृत्ती घेऊन दोघं अमेरिकेला गेले. क्लीव्हलँडमध्ये पुढचं वैद्यकीय शिक्षण घेतलं आणि शेवटी जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याची पदवी घेतली. तिथले त्यांचे गुरू कार्ल टेलर. भारतातच जन्मलेले, खेड्यांच्या आरोग्याचा अभ्यास करणारे. अमेरिकेत राहायची वाट मोकळी होती. दोघं परत आले.

जामखेडच्या काही पुढाऱ्यांनी बोलावलं म्हणून ते तिथं गेले. जागा मिळाली ती गुरांच्या जुन्या दवाखान्याची. पहिल्या टप्प्यात आसपासची मोजकी गावं घेऊन 'कॉम्प्रिहेन्सिव्ह रूरल हेल्थ प्रोजेक्ट' या नावानं काम सुरू झालं. पुस्तकी नियोजन तयारच होतं, गावोगावी एकेक शिकलेली नर्स ठेवायची. प्रत्यक्षात नर्सबाई शहरातल्या, गावात एकट्या राहायला तयार नसायच्या. राहिल्या तरी गावातल्या बायका त्यांच्याशी मोकळं बोलायच्या नाहीत. तेव्हा एका गावच्या सरपंचांनी सुचवलं, की आमच्यातलीच एखादी बाई का घेत नाही? शिक्षण नसेल तिचं, पण गावातली प्रत्येक चूल तिला ठाऊक आहे.

माझ्या मते जामखेडचा खरा शोध तो हाच. त्याला सूक्ष्मदर्शक लागला नाही. गावातली अक्षरशत्रू बाई, बहुतेकदा दलित किंवा अशाच खालच्या मानलेल्या जातीतली, बरेचदा विधवा किंवा नवऱ्यानं टाकलेली, ही आरोग्याची शिपाई नाही तर शिक्षिका होऊ शकते हे तिथं सिद्ध झालं. आज हे वाक्य सोपं वाटतं. 1970 मध्ये बाळंतपण म्हणजे विटाळ, दलित बाईच्या हातचं पाणी चालत नाही, आणि सुनेला सासूच्या परवानगीशिवाय तोंड उघडता येत नाही, अशा गावांत ते मांडायला छाती लागत होती.

या बायका, म्हणजेच आरोग्य सेविका, दर आठवड्याला जामखेडला यायच्या आणि मुक्कामी राहायच्या. वेगवेगळ्या जातींच्या बायका एकत्र जेवायला, एकत्र झोपायला आधी तयार नव्हत्या. आरोळे दांपत्यानं त्यांच्यासाठी एकच मोठं पांघरूण शिवून घेतलं, म्हणजे थंडीत सगळ्यांना एकाखालीच निजावं लागे. जातीवर भाषण देण्यापेक्षा हे पांघरूण जास्त कामी आलं. दिवसा मेबल शिकवायच्या. वह्या-पेन नाहीत. ऐकायचं, विचारायचं, एकमेकींना सांगून दाखवायचं, पुढच्या आठवड्यात गावात काय घडलं ते येऊन सांगायचं. ज्या भाषेत बाई घरी बोलते त्याच भाषेत शरीर समजावून सांगायचं.

एक उदाहरण जवळून पाहू. बाळंतपण घरात, अंधाऱ्या खोलीत. सुईण नाळ कापायची ती विळ्यानं, मग नाळेला राख किंवा शेण लावायची. धनुर्वाताचे जंतू मातीत आणि शेणात असतात. ते नाळेच्या जखमेतून आत शिरले, की आठवडाभरात बाळाचा जबडा आवळतो, ते दूध ओढेनासं होतं, हात लावला तरी अंग ताठ करतं. घरचे म्हणायचे, बाहेरची बाधा झाली. सेविकेकडे औषधांच्या पेटीबरोबर बाळंतपणाचं साहित्य असायचं: साबण, नवं कोरं ब्लेड, उकळलेला दोरा, स्वच्छ कापड. हात धुवायचे, ब्लेडनं नाळ कापायची, वर काहीही लावायचं नाही. गरोदरपणी आईला धनुर्वाताची दोन इंजेक्शनं दिली, की तिच्या रक्तातलं संरक्षण बाळापर्यंत पोहोचतं. एवढ्यावर बाळ वाचतं. इंजेक्शन टोचणं ही यातली सोपी बाजू. सासूला पटवणं अवघड, आणि ते गावातल्या बाईलाच जमतं. तिचं स्वतःचं बाळ असंच गेलेलं असतं, त्यामुळं तिच्या शब्दाला वजन असतं.

दुसरं उदाहरण हगवणीचं. पोराला पातळ होऊ लागलं, की पाणी बंद करायचं, खाणं बंद करायचं, ही आपल्याकडची जुनी समजूत. पोर हगवणीनं मरत नाही, अंगातलं पाणी आणि क्षार गेल्यानं मरतं. आतड्याचं अस्तर आजारातही साखरेला आत घेतं, आणि साखरेबरोबर मीठ आत जातं, मिठामागोमाग पाणी. म्हणून नुसतं पाणी किंवा नुसतं मीठ दिलं तर उपयोग होत नाही, तिन्ही एकत्र लागतात. 1971 मध्ये बांगलादेश युद्धाच्या निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनोबीस यांनी बनगावला याच साध्या पाण्यानं हजारो जणांना कॉलऱ्यातून वाचवलं. 1978 मध्ये लंडनच्या 'द लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकानं, हा बहुधा शतकातला सर्वांत महत्त्वाचा वैद्यकीय शोध ठरेल, असं म्हटलं. नोबेल मात्र त्याला मिळालं नाही. 2002 मध्ये महालनोबीस आणि त्यांच्या सहकारी संशोधकांना बालरोगशास्त्रातलं पॉलिन पारितोषिक मिळालं. जामखेडच्या सेविका घराघरांत जाऊन हेच पाणी करायला शिकवत होत्या: लिटरभर उकळून गार केलेलं पाणी, मूठभर साखर, चिमूटभर मीठ, चव अश्रूंपेक्षा खारट नको.

आणि हॉपकिन्स यांचं ते थोडंसं दूध? इथं त्याची जागा शेवग्याच्या पाल्यानं, पपईनं, दारातल्या पालेभाज्यांनी घेतली. गोवर म्हणजे देवीचा कोप, त्यात पोराला खायला द्यायचं नाही, असं मानलं जायचं. सेविका सांगायच्या, गोवर आला तरी खाऊ घाला, पालेभाजी शिजवून, चुरून द्या. लहान मुलांना 'अ' जीवनसत्त्वाचा डोस देणं हेही त्यांच्या कामात आलं. केंब्रिजमधल्या उंदरांच्या पिंजऱ्यापासून जामखेडच्या चुलीपर्यंतचा हा प्रवास साठ वर्षांचा. त्यातलं शेवटचं पाऊल सगळ्यात अवघड होतं आणि ते कुठल्या विद्यापीठानं टाकलं नाही.

सुरुवातीला गावांनी आरोग्य मागितलंच नव्हतं. 1972 चा दुष्काळ ज्यांनी भोगला त्यांना तो आठवतो: लाल मिलो, सुकडी, खडी फोडायची कामं, विहिरींचे कोरडे तळ. जामखेडच्या गावांनी डॉक्टरांकडे अन्न आणि पाणी मागितलं. आरोळे दांपत्यानं ते ऐकलं. लहान मुलांसाठी गावातल्या लोकांच्या सहभागातून सामूहिक स्वयंपाक सुरू झाले. बाहेरून मदत मिळवून बोअर घेतली, हातपंप बसवले. बोअरची जागा भूजलतज्ज्ञ ठरवायचे, पण आरोळे यांचा आग्रह असायचा, की पाणी दलित वस्तीत लागत असेल तर पंप तिथंच बसला पाहिजे. मग गावच्या सगळ्या बायकांना पाण्यासाठी त्या वस्तीत यावं लागायचं. एका हातपंपानं हगवणही कमी झाली आणि शिवाशिवही ढिली पडली. डॉक्टरनं काय करायचं आणि काय नाही याची जी रेघ वैद्यकीय महाविद्यालयात आखून दिलेली असते, ती त्यांनी बेधडक ओलांडली. मला वाटतं, त्यांच्या यशातला मोठा वाटा या धाडसाचा आहे.

पुरुषांना जमवायची रीत आणखी वेगळी. संध्याकाळी डॉ. आरोळे गावात व्हॉलीबॉल खेळायला जायचे. जाळी बांधली, की तरुण जमायचे, सगळ्या जातींचे. खेळून झाल्यावर बसायचं, पिकांवर, पाण्यावर, दारूवर बोलायचं. त्या बैठकांतून तरुण शेतकरी मंडळं उभी राहिली. त्यांनी झाडं लावली, बांध घातले. नंतर बायकांची महिला मंडळं झाली, बचत सुरू झाली. सेविकांना या कामाचा पगार फारसा नव्हताच. कुणी बांगड्या विकायची, कुणी शेळ्या पाळायची. पण गावात मान मिळू लागला होता. कालपर्यंत जिला दारात उभं करत नव्हते तिला सवर्णांच्या माजघरात बाळंतपणासाठी बोलावणं येऊ लागलं. आरोग्याच्या आकड्यांत हा बदल मोजला जात नाही, पण तोच आकड्यांच्या मुळाशी आहे.

आकडेही बोलके आहेत. 176 वरून बालमृत्यूचा दर पाच-सहा वर्षांतच पन्नाशीकडे आला, आणि 1990 च्या दशकात तिशीच्या खाली गेला. त्या दशकात देशाचा दर अजून सत्तरच्या आसपास होता. लक्षात घ्या, ही घट काही लाखो रुपयांच्या यंत्रांनी झालेली नाही. जामखेडला हॉस्पिटल होतं, शस्त्रक्रिया होत होत्या, अपघातात किंवा कुष्ठरोगात पाय गमावलेल्यांसाठी कृत्रिम पाय बनवणारी कार्यशाळा होती. पण हॉस्पिटल ही पायरी शेवटची. पहिली पायरी सेविकेच्या उंबऱ्यावर होती आणि बहुतेक दुखणी तिथंच अडवली जात होती.

जगाचं लक्ष इकडे 1975 मध्ये गेलं. जागतिक आरोग्य संघटनेनं केनेथ न्यूवेल यांच्या संपादनाखाली लोकांनी स्वतः उभ्या केलेल्या आरोग्यव्यवस्थांवर एक पुस्तक काढलं. त्यात चीन, क्युबा, टांझानिया, ग्वाटेमाला यांच्याबरोबर जामखेडचं प्रकरण होतं, आणि ते आरोळे दांपत्यानं लिहिलं होतं. तीन वर्षांनी, सप्टेंबर 1978 मध्ये, तेव्हाच्या सोव्हिएत संघातल्या अल्माआटा शहरात 134 देशांचे प्रतिनिधी जमले आणि प्राथमिक आरोग्यसेवेचा जाहीरनामा मंजूर झाला. लोकांचा सहभाग, गावपातळीवरचे कार्यकर्ते, पाणी आणि अन्न यांना आरोग्यापासून वेगळं न काढणं, ही त्या जाहीरनाम्याची सूत्रं. जामखेडच्या बायका ती आठ वर्षं जगत होत्या.

1979 मध्ये रजनीकांत आणि मेबल आरोळे या दोघांना मिळून सामुदायिक नेतृत्वासाठीचा रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. फिलिपाइन्सचे राष्ट्राध्यक्ष रॅमन मॅगसेसे 1957 च्या मार्चमध्ये विमान अपघातात गेले. त्यांच्या स्मरणार्थ त्याच वर्षी हा पुरस्कार ठेवला गेला, आणि तो अनेक वर्षं त्यांच्या जन्मदिवशी, 31 ऑगस्टला मनिलात दिला जायचा. 1958 मध्ये सामुदायिक नेतृत्वाचा पहिलाच पुरस्कार विनोबांना मिळाला होता. चिंतामणराव देशमुख 1959, बाबा आमटे 1985, प्रकाश आणि मंदाकिनी आमटे 2008, ही महाराष्ट्राशी जोडलेली आणखी काही नावं. 1979 च्या मानकऱ्यांत कोरियाचे एक डॉक्टरही होते, चांग की-रियो. त्यांनी बुसानमध्ये गरिबांसाठी आरोग्यविम्याची सहकारी संस्था उभारली होती. एकाच वर्षी दोन देशांतले डॉक्टर मनिलाच्या व्यासपीठावर आले आणि तिघांचाही गौरव औषध शोधल्याबद्दल नव्हता, ते गरिबाला परवडेल अशा रीतीनं पोहोचवल्याबद्दल होता.

मॅगसेसेला आपल्याकडे सर्रास 'आशियाचं नोबेल' म्हणतात. मला हे पटत नाही. त्यात मॅगसेसे हे नोबेलचं धाकटं भावंड ठरतं, आणि दोघांचं काम वेगळं आहे हे झाकलं जातं. वैद्यकशास्त्राचं नोबेल शोधाला मिळतं. शोध कुणी लावला, केव्हा लावला, कागदावर केव्हा आला, हे तिथं पाहतात. पोहोचवणाऱ्याला तिथं जागा नाही, आणि त्या पारितोषिकाच्या नियमांत ते बरोबरही आहे. पण म्हणून पोहोचवणं हे दुय्यम काम ठरत नाही. रॉसनं डासाचा गुन्हा उघड केला त्याला आता सव्वाशे वर्षं झाली, तरी हिवतापानं आजही आफ्रिकेत लाखो मुलं मरतात. शोध अपुरा आहे म्हणून ती मरत नाहीत. मनिलाचं पदक या दुसऱ्या कामाला दिलं जातं, म्हणून त्याची स्वतंत्र किंमत आहे, नोबेलच्या मापानं ती मोजू नये.

पदकानंतर जामखेडला देशोदेशींचे लोक शिकायला येऊ लागले. शिकवायला अर्थातच सेविका. 1988 मध्ये त्यांच्यातल्या मुक्ताबाई पोळ वॉशिंग्टनला एका आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषदेत बोलायला उभ्या राहिल्या. सभागृहाच्या छताला झुंबरं लटकत होती. त्यांच्याकडे बोट करून त्यांनी सांगितलं, की ही सुंदर आहेत, पण महाग आहेत, आणि तज्ज्ञ डॉक्टर आणि मोठी इस्पितळं अशीच असतात. मग त्यांनी साधा वातीचा दिवा पुढं केला. हा कुठंही नेता येतो, आणि एका दिव्यानं दुसरा लावता येतो, झुंबरानं झुंबर लावता येत नाही, असा त्यांच्या बोलण्याचा अर्थ होता. समोर बसलेल्या जगभरच्या तज्ज्ञांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. गावच्या बाईनं तिथं आरोग्यनीतीचा सिद्धांत मांडला होता.

डॉ. रजनीकांत यांना 1990 मध्ये पद्मभूषण मिळालं. 1994 मध्ये दोघांनी मिळून 'जामखेड' हे इंग्रजी पुस्तक लिहिलं. त्यात सेविकांची नावं आहेत, त्यांच्या तोंडच्या हकिकती आहेत. मेबल 1999 मध्ये गेल्या, रजनीकांत मे 2011 मध्ये. काम त्यांच्या मुलांनी पुढं चालू ठेवलं आहे.

नगर जिल्ह्याला जगातून मिळालेले मान इथं संपत नाहीत. स्विस जेझुइट फादर हर्मन बाकर यांच्या प्रेरणेनं 1993 मध्ये जिल्ह्यात सुरू झालेल्या 'वॉटर' या पाणलोट संस्थेला 2009 मध्ये क्योटो जागतिक जल पारितोषिक मिळालं, आणि 2017 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या वाळवंटीकरण करारांतर्गत दिलं जाणारं 'लँड फॉर लाइफ' पारितोषिक. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे, ज्यांना आपण बीजमाता म्हणतो, 2018 मध्ये बीबीसीच्या जगातल्या शंभर स्त्रियांच्या यादीत आल्या, पुढं पद्मश्री झाल्या. राहीबाईही शाळेत गेलेल्या नाहीत. आपल्या जिल्ह्याचा जगानं केलेला गौरव पुन्हा पुन्हा शाळा न पाहिलेल्या बायकांच्या हातांपाशी येऊन थांबतो, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

2005 मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झालं आणि हजार लोकसंख्येमागे एक 'आशा' सेविका नेमायचं ठरलं. या योजनेमागं देशभरातले बरेच प्रयोग आहेत, पण गावातलीच बाई निवडायची हे मूळ सूत्र जामखेडनं पस्तीस वर्षं आधी करून दाखवलं होतं. 22 मे 2022 रोजी जागतिक आरोग्य संघटनेनं भारतातल्या दहा लाखांहून अधिक आशांना जागतिक आरोग्य नेतृत्वाचा पुरस्कार दिला. कोरोनाच्या काळात दारोदार गेलेल्या बायकांचा तो गौरव होता. या आशांना आजही पगार नाही, मानधन मिळतं, आणि त्यासाठीही त्यांना मोर्चे काढावे लागतात. जगानं ज्यांना पुरस्कार दिला त्यांना आपण कामगार म्हणायलाही तयार नाही, हे सरळसरळ अन्यायाचं आहे.

जामखेडच्या पहिल्या पिढीतल्या सेविका आता म्हाताऱ्या झाल्या आहेत, काही गेल्या. आरोळे दांपत्यानं लिहिलं तेवढ्यांची नावं वाचतील, बाकीच्यांची नाहीत. जिल्ह्यात इतकी महाविद्यालयं आहेत, समाजकार्याचे, मराठीचे, इतिहासाचे विभाग आहेत. त्यांतल्या विद्यार्थ्यांनी जामखेड, कर्जत, आष्टी, करमाळ्याच्या गावांत जावं, या बायकांना शोधावं, त्यांनी कुणाची बाळंतपणं केली, कुणाशी भांडल्या, पहिली नाळ ब्लेडनं कापली तेव्हा घरच्यांनी काय म्हटलं, ते त्यांच्या शब्दांत ध्वनिमुद्रित करावं आणि मराठीत छापावं. हे काम याच दोन-चार वर्षांत व्हायला हवं.